पॉक्सोच्या अपिलातला पुरावा: सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला, त्याबद्दल

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगतेच, पण आधी हे सांगते की मी वकील नाही. सात वर्षं झाली सपोर्ट पर्सन म्हणून काम करते, म्हणजे पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) केसमध्ये बाल कल्याण समिती ज्या माणसाला मुलासोबत नेमते ना, पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट सगळीकडे सोबत जाणारं माणूस, ते. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या बाजूनं वाचा, वकील मंडळींना काही गोष्टी अगदी प्राथमिक वाटतील. कोर्स कोणत्या संस्थेचा ते इथे लिहीत नाहीये कारण तक्रारीपण लिहायच्यात आणि माणसं चांगली आहेत.

कोर्स का केला ते सांगते. माझ्याकडच्या एका केसमध्ये सेशन कोर्टात शिक्षा झाली होती, घरचे सगळे रडले, आम्ही पेढे नाही वाटले पण मनात तसंच काहीतरी होतं, आणि मग काही वर्षांनी हायकोर्टात अपिलात आरोपी सुटला. मुलगी तोपर्यंत कॉलेजला गेलेली. तिच्या आईनं मला फोन करून एकच विचारलं, ताई, त्या जजसाहेबांनी तिचं खरं मानलं होतं, मग आता तीच साक्ष खोटी कशी झाली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल वाचला तर त्यात ‘मटेरियल ओमिशन’, ‘फाउंडेशनल फॅक्ट’, ‘स्टर्लिंग क्वालिटी’ असले शब्द, अर्धे कळले अर्धे नाही. तेव्हा ठरवलं की हे शिकायचं.

कोर्सचं स्वरूप असं की सहा आठवडे, शनिवार रविवार संध्याकाळी दोन दोन तास, सगळं ऑनलाइन. फी ३,५०० रुपये, सपोर्ट पर्सन आणि पॅरा लीगल व्हॉलंटियरना निम्मी. शिकवायला तिघं होते, एक निवृत्त सेशन जज मॅडम, एक हायकोर्टात क्रिमिनल अपिलं चालवणारे वकील (बहुतेक आरोपीच्या बाजूनं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं) आणि एक फॉरेन्सिकमधले सर. बॅचमध्ये तीसेक लोक.

पहिलाच तास मला हलवून गेला. वकील सरांनी नावं गावं काढलेली एका साक्षीची चार पानं स्क्रीनवर टाकली आणि म्हणाले वाचा, तुम्ही हायकोर्ट आहात, सांगा विश्वास ठेवायचा का. आम्ही वाचलं. ‘आरोपीने मला बोलावले. मी गेले. त्याने वाईट कृत्य केले. मी घरी आले.’ अशी कोरडी वाक्यं. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं की शंका आहे. मग जज मॅडमनी सांगितलं की ती साक्ष त्यांच्यासमोर झालेली, मूल दीड तास बसलं होतं, मध्ये दोनदा पाणी मागितलं, एकदा बाहेर गेलं, शरीराच्या भागांना घरातले शब्द वापरले, बाहुलीवर दाखवलं, आणि त्यातलं काहीच कागदावर आलं नाही, त्यांनीच डिक्टेट करताना सगळ्याचं मिळून ‘वाईट कृत्य’ केलं. त्या नवीन होत्या तेव्हा. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. तिकडे अपिलात आरोपी सुटला का असं कोणीतरी विचारलं तर त्या फक्त हो म्हणाल्या.

पूर्ण कोर्सचा गाभा मला तरी हाच वाटला, अपिलातल्या न्यायाधीशांना मूल कधीच दिसत नाही. त्यांना पेपरबुक दिसतं, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांचा गठ्ठा. पहिल्या अपिलात हायकोर्ट सगळा पुरावा पुन्हा तपासू शकतं, तसा त्याला पूर्ण अधिकार आहे, पण तपासणार काय तर स्टेनोनं जे टाइप केलं ते. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २८० होतं की साक्षीदाराच्या वागण्याबद्दल, चेहऱ्यावरच्या भावाबद्दल न्यायाधीशानं महत्त्वाचं वाटलं तर शेरा लिहून ठेवायचा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे, पण मी सात वर्षांत असा शेरा लिहिलेला क्वचितच बघितलाय. मला तर असं कलम आहे हेच माहीत नव्हतं.

यावर त्यांनी राजस्थानचा जो निकाल शिकवला तो मी आता प्रत्येकाला सांगते. घटना १९८६ ची, लहान मुलगी, १९८७ ला ट्रायल कोर्टानं सात वर्षांची शिक्षा दिली. मुलगी साक्षीला उभी राहिली तेव्हा घटनेबद्दल विचारलं तर गप्प राहिली, पुन्हा विचारलं तर नुसते डोळ्यातून पाणी, एक शब्द नाही. २०१३ ला राजस्थान हायकोर्टानं आरोपीला सोडलं, पीडितेनंच काही सांगितलं नाही हे त्यातलं मोठं कारण. आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते फिरवून शिक्षा परत कायम केली, म्हटलं की लहान मुलाचं गप्प बसणं हे मोठ्या माणसाच्या गप्प बसण्यासारखं धरता येणार नाही आणि त्या शांततेचा फायदा आरोपीला देता येणार नाही, बाकीचा पुरावा म्हणजे डॉक्टरांची साक्ष वगैरे पुरेसा होता. जवळजवळ चाळीस वर्षं. पण मॅडमनी यातली जी बारीक गोष्ट दाखवली ती माझ्या मनातून जात नाही, की १९८७ मधल्या त्या ट्रायलच्या न्यायाधीशानं लिहून ठेवलं होतं की मुलगी गप्प आहे आणि रडतेय. ती दोन वाक्यं कागदावर होती म्हणून २०२५ मध्ये कोणाला तरी वाचता आली. नुसतं ‘साक्षीदार काही सांगत नाही’ असं लिहिलं असतं तर?

दुसऱ्या आठवड्यात मुलाच्या साक्षीचा कायदा कसा बदलत आला ते होतं आणि हा भाग सगळ्यात छान बांधलेला होता. सुरुवात १९५२ साली छापलेल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, तोही राजस्थानचाच, आठ वर्षांची मुलगी. तिथे सेशन जजचं म्हणणं असं होतं की मनातून खात्री पटते पण कायद्याला लागणारा आधाराचा पुरावा नाही, म्हणून सोडलं. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधाराचा पुरावा पाहिजेच असा कायदा नाही, ती सावधगिरीची बाब आहे, न्यायाधीशानं ती सावधगिरी मनात ठेवली होती हे दिसलं पाहिजे, आणि मुलीनं लगेच आईला जे सांगितलं तेही आधार म्हणून चालतं. मला हे ऐकून धक्काच बसला कारण आजही आमच्याकडे पोलीस स्टेशनला लोक म्हणतात ‘पण बघणारं कोणी होतं का’. सत्तर वर्षं झाली हो त्या निकालाला.

मग १९७२ चं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं प्रकरण, पोलिसांवरच मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत. डॉक्टरांच्या मते मुलगी चौदा ते सोळा वर्षांची. सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं १९७६ ला शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, मग संमतीच असणार. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या अत्याचारात बाईनं संमती नव्हती असं म्हटलं तर कोर्टानं तसंच गृहीत धरायचं हे कलम आलं. हे सगळं मला तुकड्या तुकड्यांत माहीत होतं पण तीन कोर्टांत तोच पुरावा बघून निकाल दोनदा उलटापालटा झाला हे असं समोर मांडल्यावर अंगावर काटा आला, पुरावा तोच होता, बदलली ती फक्त वाचणाऱ्याची समज.

१९८३ चा गुजरातचा निकाल आणि १९९६ चा पंजाबचा निकाल हे दोन्ही वकिलांच्या तोंडी कायम असतात पण मी कधी मुळातून वाचले नव्हते. कोर्सनं ते मराठीत सारांश करून दिले, याबद्दल मनापासून आभार. गुजरातच्या निकालात कोर्ट म्हणतं की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप नसते की लावली आणि जसंच्या तसं दिसलं, वेळ किती झाला, कोण आधी आलं असल्या तपशिलात माणूस चुकतोच, त्यामुळे बारीकसारीक विसंगतीवरून साक्ष फेकून द्यायची नाही. पंजाबच्या केसमध्ये मुलगी सोळाच्या आतली, दहावीची परीक्षा देणारी, तिला ट्रायल कोर्टानं खोटं ठरवलं होतं, तिच्या चारित्र्यावर शेरे मारले होते, ते सुप्रीम कोर्टानं उलटवलं आणि सांगितलं की तिची एकटीची साक्ष विश्वास बसण्यासारखी असेल तर दुसरा आधार मागायची गरज नाही. १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये हेही स्पष्ट झालं की मूल समजून उत्तरं देत असेल आणि साक्ष भरवशाची असेल तर एकट्या मुलाच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, फक्त कोणी पढवलंय का हे नीट बघायचं.

आणि इथेच वकील सरांचं सेशन आलं. खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला होता त्यांचा, वाटलं आरोपीच्या वकिलाला कशाला बोलावलं. पण त्यांच्यामुळे कोर्स खरा झाला. त्यांनी सरळ विचारलं, ‘एकट्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते’ आणि ‘एकटी साक्ष असली की शिक्षा झालीच पाहिजे’ यात फरक आहे की नाही? पहिलं कायदा आहे, दुसरं नाही. २०१२ च्या दिल्लीच्या निकालातून आलेला तो ‘स्टर्लिंग विटनेस’ शब्द त्यांनी उलगडून सांगितला, म्हणजे अशी साक्ष की पहिल्या जबाबापासून उलटतपासणीपर्यंत मूळ गोष्ट हलत नाही आणि बाकीच्या पुराव्याशी जुळते. मूळ गोष्ट, हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. शर्टाचा रंग हलला तर चालेल, जागा आणि माणूस हलला तर प्रश्न.

ओमिशनवर त्यांनी पूर्ण एक तास घेतला. पोलिसांनी घेतलेल्या जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट नसेल आणि मूल ती कोर्टात पहिल्यांदा सांगत असेल तर ती विसंगती धरली जाऊ शकते. आता प्रत्यक्षात काय होतं मला विचारा. मूल पोलीस स्टेशनला सगळं सांगतं, लिहिणारे हवालदार त्यांच्या ठरलेल्या भाषेत लिहितात, अर्धं राहून जातं, जबाब मुलाला वाचून दाखवत नाहीत किंवा दाखवला तरी ती भाषा मुलाला कळत नाही. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब होतो, तो स्वतः मूळ पुरावा नसतो, कोर्टातली साक्ष हाच पुरावा, पण विसंगती काढायला तो हाताशी असतो. म्हणजे पाच वर्षांनी हायकोर्टात मुलाला खोटं ठरवायला वापरलेली ओमिशन ही मुळात लिहिणाऱ्याची चूक असते. कायद्यात पॉक्सो कलम २६ सांगतं की मूल जसं बोललं तसंच लिहा, पालक किंवा मुलाचा विश्वास असेल त्या माणसासमोर लिहा, शक्य असेल तिथे ऑडिओ व्हिडिओ करा. तो भरवशाचा माणूस बऱ्याचदा मीच असते. मी तिथे गप्प बसून असायचे, मुलाचा हात धरून. आता वाटतं तिथे मी म्हणायला हवं होतं, साहेब, तिनं ‘शू ची जागा’ म्हटलं, तेच लिहा.

चौथा आठवडा कलम २९ वर आणि वयावर. कलम २९ बद्दल माझा पूर्ण गैरसमज होता हे कबूल करते. मला वाटायचं पॉक्सोमध्ये आरोपीलाच सिद्ध करायचं असतं की त्यानं केलं नाही, आम्ही घरच्यांनाही तसंच सांगायचो. कलमाची भाषा तशी आहेच, कलम ३, ५, ७, ९ खालच्या गुन्ह्यासाठी खटला चालला तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा केला असं कोर्ट गृहीत धरेल. पण हायकोर्टांनी, त्यात आपलं मुंबई हायकोर्टही आलं, सांगितलंय की आधी सरकार पक्षानं पायाच्या गोष्टी (‘फाउंडेशनल फॅक्ट’ त्याच) सिद्ध करायच्या, म्हणजे पीडित अठराच्या आतलं आहे आणि घटना घडली हे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा, मगच ते गृहीतक उभं राहतं. पाया नाही तर भिंत नाही असं सरांनी सांगितलं आणि ते डोक्यात बसलं. आरोपीला मग उत्तर देताना सरकार पक्षाइतकं कडक सिद्ध करावं लागत नाही, उलटतपासणीतूनही शंका उभी करता येते. कलम ३० मात्र वेगळं, तिथे गुन्ह्यामागचं मन, हेतू वगैरे गृहीत धरतात आणि तिथे आरोपीनं वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं असं कायद्यातच लिहिलंय. हे दोन्ही मी सात वर्षं एकच समजत होते.

वयाचा भाग सगळ्यात कोरडा वाटतो पण अपिलात सगळ्यात जास्त केसेस इथेच कोसळतात असं वकील सर म्हणाले, आणि त्यांच्या अनुभवावर मी विश्वास ठेवते. २०१३ च्या हरियाणाच्या निकालापासून पीडितेचं वय ठरवायलाही बाल न्याय कायद्याचीच पद्धत वापरायची असं ठरलं. आता २०१५ च्या कायद्याचं कलम ९४, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तरच हाडांची चाचणी. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूच्या केसमध्ये शाळा सोडल्याचा दाखला यात बसत नाही म्हणून पॉक्सोची शिक्षा रद्द केली. शाळा सोडल्याचा दाखला! आमच्याकडच्या किती फायलींत तोच लावलेला असतो, मी त्या रात्री बसून माझ्याकडच्या चालू केसेस तपासल्या आणि दोन घरांना दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत पाठवलं. हाडांच्या चाचणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, आणि दिल्ली हायकोर्टानं २०२४ मध्ये सांगितलंय की अशा वेळी वरचं वय धरायचं आणि वर दोन वर्षांची सूटही आरोपीला द्यायची. म्हणजे पंधरा सोळाची मुलगी कागदावर अठराची होते, एक दाखला आणला नाही म्हणून.

फॉरेन्सिक सरांचं सेशन तसं बरं होतं, स्लाइड फार भरलेल्या होत्या, पण दोन केसेस त्यांनी जीव तोडून शिकवल्या. एक आपल्या ठाणे जिल्ह्यातली, २०१० ची, सहा वर्षांची मुलगी, फाशी झालेली, हायकोर्टात कायम झालेली, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं आरोपीला सोडलं. नमुने वेळेत लॅबला गेले नाहीत, मधल्या काळात ते कोणाकडे कसे होते त्याची साखळी रेकॉर्डवर नाही, त्यामुळे डीएनए रिपोर्टवर भरवसा ठेवता येईना. आणि आरोपीचं निवेदन मराठीत लिहिलेलं, त्याला मराठी येत नव्हतं, त्याला ते समजावून सांगितल्याचं कुठे नाही. त्या चिमुरडीचं काय मग? तिच्यासाठी शेवटी कोणालाच काही मिळालं नाही, तिच्या घरच्यांनाही नाही, आणि त्या माणसाची वर्षं गेली ती वेगळीच. दुसरी मध्य प्रदेशातली खंडव्याची, नऊ वर्षांची मुलगी, २०१३, खटला तेरा दिवसांत संपवून फाशी. तेव्हा पेपरात कौतुक झालं असणार. डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळं रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला सांगितला कारण मोफत दिलेल्या वकिलाला फाइल वाचायलाही वेळ मिळाला नव्हता. आणि शेवटी २०२४ ला तो सुटला. फास्ट ट्रॅक, फास्ट ट्रॅक म्हणून आम्हीच मोर्चे काढतो, मीही काढलेत, पण घाईनं चालवलेला खटला अपिलात असा उकलतो हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कलम ३५ एका वर्षात शक्यतो संपवा म्हणतं, तेरा दिवसांत नाही.

२०२१ च्या स्किन-टू-स्किन निकालावर (कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक हल्ल्यात मोडतो का, त्यावरचा) अर्धा तास होता, तो मला थोडा जागा चुकलेला वाटला. जानेवारीत नागपूर खंडपीठ, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं फिरवलं, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तो प्रश्न पुराव्यापेक्षा कलम ७ चा अर्थ काय याचा होता. तो वेळ दुसरीकडे द्यायला हवा होता.

आता तो कापलेला स्टार. पहिली आणि मोठी तक्रार, पीडितेच्या अपिलाला त्यांनी जेमतेम दहा मिनिटं दिली. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडित व्यक्ती स्वतः निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करू शकते आणि २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्याला कोर्टाची वेगळी परवानगीही लागत नाही. हे आमच्या घरांना सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे आणि कोणाला माहीत नाही. तिथे कसोटी वेगळी असते हे एवढंच कळलं, की खालच्या कोर्टानं सोडलंय म्हणजे निर्दोषपणाचं गृहीतक दुप्पट घट्ट झालंय, दोन मतं शक्य असतील तर आरोपीच्या बाजूचं टिकतं, २००७ च्या कर्नाटकच्या निकालात हे सगळं एकत्र लिहिलंय. पण कागद कोणते लागतात, विधी सेवा प्राधिकरणाकडे कसं जायचं, मुदत किती, काही नाही. मी विचारलं तर पुढच्या बॅचमध्ये घेऊ म्हणाले. मला तर हेही शिकायचं होतं.

दुसरं म्हणजे अपील चालू असताना मुलाला आणि घरच्यांना कळवण्याबद्दल काहीच नव्हतं. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलंय की पॉक्सोमधल्या अर्जांची पीडितेच्या बाजूला नोटीस गेली पाहिजे, पण प्रत्यक्षात घर बदललेलं असतं, नंबर बदललेला असतो आणि बातमी थेट निकालाचीच येते. त्या मायलेकींना तसंच कळलं होतं, शेजारणीच्या मोबाइलवरून. यावर एक तास पाहिजेच.

तिसरं, भाषा. शिकवणं मराठीत पण वाचायला दिलेले निकाल बरेचसे इंग्रजीत. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर काही निकालांची मराठी भाषांतरं असतात, ती शोधून लिंक दिल्या असत्या तरी खूप झालं असतं. आणि कलमांचा गोंधळ, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियम नवा आलाय, पण त्या तारखेच्या आधीपासून पडून असलेली अपिलं जुन्या सीआरपीसीनंच चालतात, त्यामुळे दोन्ही नंबर लागतात, एक जुनं नवं असा तक्ता द्यायला हवा होता. आमच्या बॅचमधल्या एका पोरीनं स्वतः करून ग्रुपवर टाकला, तोच सगळे वापरतोय.

बाकी सर्टिफिकेट वेळेत आलं, रेकॉर्डिंग सहा महिने बघता येतात, प्रश्न विचारले की उत्तर मिळतं, जज मॅडम तर रात्री दहालाही ग्रुपवर उत्तर द्यायच्या.

कोणी करावा? सपोर्ट पर्सननी नक्की, बाल कल्याण समितीच्या सदस्यांनी, जबाब लिहिणाऱ्या पोलिसांनी तर सगळ्यात आधी. नव्या वकिलांनीही करावा पण त्यांनी मुळातले निकाल सोबत वाचावेत. ज्यांच्या घरात आत्ता केस चालू आहे त्यांनी मात्र लगेच करू नये असं मला वाटतं, चौथ्या आठवड्यात आमच्यातल्या एका आईला मध्येच उठून जावं लागलं होतं, तिची तयारी आधी कोणी विचारायला हवी होती. हेही फीडबॅकमध्ये लिहिलंय.

त्या कॉलेजातल्या मुलीच्या आईला मी कोर्स संपल्यावर भेटायला गेले. निकाल परत वाचून घेतला होता, या वेळी सगळा कळला. तिला सांगितलं की हायकोर्टानं तुमची लेक खोटं बोलली असं कुठेही लिहिलेलं नाही, लिहिलंय की जे कागदावर आहे त्यावरून शंका राहते. पान काढून बोट ठेवून दाखवलं. तिनं ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली हे तिला दाखवते.

मागच्या महिन्यात एका साक्षीला मी सोबत होते, पडद्यामागे. मूल मध्येच थांबलं आणि रडायला लागलं, बराच वेळ. मी आदल्या दिवशीच सरकारी वकील मॅडमना त्या १९८६ च्या केसबद्दल बोलले होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, हे नोंदवून घ्यावं ही विनंती. जजसाहेबांनी एकदा मुलाकडे बघितलं आणि स्टेनोला सांगितलं, लिहा, प्रश्न विचारल्यावर साक्षीदार रडत आहे, पाणी दिले, दहा मिनिटे थांबलो.